रेअर अर्थ धातू आणि बॅक्टेरियाचे जीन्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात सांगा, हा प्रकार आहे तरी काय?

काही बॅक्टेरियांना लँथॅनम, सेरियम असले रेअर अर्थ धातू अगदी नावापुरते जरी मिळाले तरी ते आपले काही जीन्स बंद करतात आणि दुसरे चालू करतात. सगळ्यात जास्त अभ्यास झालाय तो मिथेनॉल खाणाऱ्या बॅक्टेरियांचा. त्यांच्यापैकी बऱ्याच जणांकडे मिथेनॉल जाळायची दोन एन्झाइम्स असतात, एक कॅल्शियमवर चालतं आणि दुसरं लँथॅनाइडवर (म्हणजे लँथॅनम आणि त्याच्या भावंडांवर), आणि कुठलं बनवायचं हे आजूबाजूला लँथॅनाइड आहे की नाही त्यावर ठरतं. याला लँथॅनाइड स्विच म्हणतात. लाईट आली की इन्व्हर्टर आपोआप गप्प होतो ना, साधारण तसंच. गंमत अशी की कित्येक वर्षं पुस्तकांमध्ये छापलं जात होतं की या धातूंचं सजीवांमध्ये काहीच काम नाही.

रेअर अर्थ म्हणजे ते मोबाइल आणि मॅग्नेटवाले धातू ना?

हो तेच. लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंत पंधरा, वर स्कँडियम आणि इट्रियम, असे सतरा. आणि ते दुर्मिळ वगैरे अजिबात नाहीत, जमिनीच्या कवचात सेरियम साधारण तांब्याइतकंच आहे. अडचण वेगळी आहे. हे धातू फॉस्फेटला इतके घट्ट धरून बसतात की पाण्यात जवळजवळ विरघळतच नाहीत. केरळ, तामिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या वाळूत जो मोनाझाइट सापडतो तो असलाच फॉस्फेट आहे. म्हणजे बॅक्टेरियाच्या पायाखाली माल भरपूर, पण हाताला काही लागत नाही. म्हणूनच सगळ्यांनी धरून चाललं होतं की जीवसृष्टीने यांच्या नादाला लागायचं कारणच नाही.

मग बॅक्टेरियाला ते लागतात हे कळलं कधी?

ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण यातच सगळी मजा आहे. 1964 मध्ये अँथनी आणि झॅटमन यांनी मिथेनॉल डीहायड्रोजनेज हे मिथेनॉल जाळणारं एन्झाइम शोधलं, पुढे 1979 मध्ये त्याच्या पोटात बसलेला पीक्यूक्यू नावाचा को-फॅक्टर (एन्झाइमला कामात मदत करणारा छोटा रेणू) ओळखला गेला, आणि नंतर कळलं की पीक्यूक्यूच्या शेजारी एक कॅल्शियमचा आयन असतो. एन्झाइमचे जीन्स सापडले, त्यांना एमएक्सए असं नाव पडलं, विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

पण जीनोम वाचायला लागल्यावर एमएक्सए-एफ जीनचा एक भाऊ दिसायला लागला, झॉक्स-एफ, साधारण 50 टक्के सारखा. हा नेमका करतो काय ते कळेना. प्रोटीन शुद्ध करून बघितलं तर काम जेमतेमच. दुसरीकडे 2009 मध्ये सोयाबीन, क्लोव्हर आणि अरॅबिडॉप्सिसच्या पानांवरच्या बॅक्टेरियांचं प्रोटीन तपासलं तर तिथे हाच झॉक्स-एफ ढिगाने सापडला. लॅबमध्ये काही करत नाही आणि पानावर मात्र पेशी तोच बनवत बसलीय, हे कोडंच होतं.

मग 2011-12 मध्ये जपानमधून एकामागून एक पेपर आले. मिथिलोबॅक्टेरियम रेडिओटॉलरन्सच्या मीडियात (बॅक्टेरिया वाढवायच्या द्रवात) लँथॅनम टाकलं की मिथेनॉल डीहायड्रोजनेज वाढतं, मुळांच्या गाठींमधल्या ब्रॅडीरायझोबियमच्या एका जातीत सेरियमने तेच होतं, आणि मिथिलोबॅक्टेरियम एक्स्टॉर्क्वेन्स एएम1 मध्ये लँथॅनम दिल्यावर झॉक्स-एफ खरोखर मिथेनॉल जाळतो. झॉक्स-एफ आळशी नव्हताच, त्याला त्याचा धातूच कोणी दिला नव्हता.

शेवटचा पुरावा आला इटलीतून. नेपल्सजवळ सोल्फातारा म्हणून ज्वालामुखीचा भाग आहे, तिथल्या उकळत्या चिखलात मिथिलअ‍ॅसिडिफायलम फ्युमॅरिओलिकम नावाचा मिथेन खाणारा बॅक्टेरिया राहतो (मिथेनचं आधी मिथेनॉलच होतं). नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या लोकांनी तो लॅबमध्ये वाढवायचा प्रयत्न केला तर त्या चिखलाचं पाणी थोडं घातल्याशिवाय तो वाढेचना. नेहमीचे सगळे ट्रेस मेटल्स टाकून झाले, उपयोग शून्य. शेवटी कळलं की त्या पाण्यातले रेअर अर्थ त्याला लागतात. हा पेपर छापील स्वरूपात 2014 चा, त्यात झॉक्स-एफची क्रिस्टल रचनाही होती आणि कॅल्शियमच्या जागी लँथॅनाइड बसलेला स्पष्ट दिसत होता. या बिचाऱ्याकडे एमएक्सए जीन्सच नाहीत, त्यामुळे त्याला स्विच वगैरे काही नाही, धातू नाही तर वाढ नाही.

स्विच चालू-बंद होतो म्हणजे जीन्सच्या पातळीवर काय होतं?

एएम1 हा गुलाबी रंगाचा बॅक्टेरिया घेऊ, हवेतून आलेलं कंटॅमिनेशन म्हणून 1961 च्या सुमारास तो सापडला आणि तेव्हापासून या क्षेत्राचा लाडका आहे. हल्ली त्याला मिथिलोरुब्रम म्हणतात, पण जुनं नाव अजून चालतं.

लँथॅनाइड नसेल तेव्हा एमएक्सएचा अख्खा ऑपेरॉन, म्हणजे एकत्र चालू-बंद होणारा जीन्सचा गट, जोरात चालू असतो. यात फक्त एन्झाइमचे दोन तुकडे नसतात, तर इलेक्ट्रॉन पुढे नेणारा सायटोक्रोम, कॅल्शियम जागेवर बसवणारी प्रोटीन्स असं मोठं कुटुंब आहे, चौदा जीन्सचं. थोडं लँथॅनम आलं की या सगळ्यांचं ट्रान्सक्रिप्शन (जीनवरून आरएनए बनणं) खाली येतं आणि झॉक्सचा छोटा ऑपेरॉन वर जातो. झॉक्सचा संसार आटोपशीर आहे, एन्झाइम, त्याचा सायटोक्रोम आणि अजून एक प्रोटीन.

यातली खरी चकित करणारी गोष्ट म्हणजे कॅल्शियम भरपूर असलं तरी पेशी त्याला विचारत नाही. सोडा लेकमधल्या मिथिलोमायक्रोबियम बुर्याटेन्स या मिथेनखाऊ बॅक्टेरियात लिडस्ट्रॉम यांच्या लॅबने दाखवलं की कॅल्शियम लँथॅनाइडच्या जवळजवळ शंभरपट असलं तरी झॉक्स-एफ वर जातो आणि एमएक्सए धाडकन खाली येतो. म्हणजे कोण जास्त आहे हा प्रश्नच नाही, लँथॅनाइड आहे का एवढाच प्रश्न आहे.

पण धातू आला हे पेशीला समजतं कसं?

याला एकच उत्तर नाही, प्रत्येक बॅक्टेरियाने आपली वेगळी वायरिंग केलीय.

सगळ्यात सरळ केस स्यूडोमोनास प्युटिडाची आहे. त्याच्या पडद्यात पेडएस2 नावाचा सेन्सर असतो आणि आत पेडआर2 नावाचा रेग्युलेटर. लँथॅनम नसेल तर सेन्सर रेग्युलेटरला फॉस्फेट लावतो, आणि तो फॉस्फेटवाला रेग्युलेटर कॅल्शियमच्या एन्झाइमचा जीन चालू करतो आणि लँथॅनाइडच्या एन्झाइमचा जीन दाबून ठेवतो. लँथॅनम आलं की फॉस्फेट लावणं थांबतं आणि दोन्ही गोष्टी उलट्या होतात. म्हणजे एकच रेग्युलेटर एका जीनसाठी अ‍ॅक्टिव्हेटर (चालू करणारा) आणि दुसऱ्यासाठी रिप्रेसर (दाबणारा). परीक्षेत टू-कम्पोनंट सिस्टिमचं, म्हणजे अशा सेन्सर-रेग्युलेटर जोडीचं, उदाहरण विचारलं तर मी हेच लिहीन, कितीतरी स्वच्छ आहे.

एएम1 मध्ये मामला गुंतागुंतीचा आहे. तिथे दोन टू-कम्पोनंट सिस्टिम आणि वर एक एकटा रेग्युलेटर आहे, शिवाय एक विचित्र प्रकार: झॉक्स-एफचे जीन्स काढून टाकले तर लँथॅनाइड नसताना एमएक्सएसुद्धा चालू होत नाही आणि पेशी मिथेनॉलवर वाढतच नाही. हे 2011 मध्ये स्कोव्हरन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, तेव्हा लँथॅनाइडचा संबंध त्यात कोणाच्या डोक्यातही नव्हता. आता त्याचा अर्थ असा लावतात की रिकामा, धातू न बसलेला झॉक्स-एफ स्वतःच सिग्नल देतो की धातू नाहीये, एमएक्सए चालू करा. एन्झाइमच सेन्सरचंही काम करतंय, डबल ड्युटी.

बुर्याटेन्समध्ये वेगळंच, तिथे एमएक्सए-वाय नावाची सेन्सर कायनेज (फॉस्फेट लावणारा सेन्सर) आणि एमएक्सए-बी नावाचा रेग्युलेटर मिळून काम बघतात आणि एमएक्सए-बीचा स्वतःचा जीनसुद्धा लँथॅनाइडला प्रतिसाद देतो.

किती धातू लागतो त्यासाठी?

नॅनोमोलर, म्हणजे लिटरमागे मोलचा अब्जावा भाग. दहा-शंभर नॅनोमोलरमध्ये काम होऊन जातं. हे इतकं कमी आहे की काचेच्या भांड्यातून झिरपणारे लँथॅनाइडसुद्धा प्रयोग बिघडवू शकतात, म्हणून हे काम करणारे लोक प्लास्टिकची भांडी वापरतात किंवा काच अ‍ॅसिडने धुऊन घेतात. कोणी तुम्हाला सांगितलं की आम्ही लँथॅनम टाकलंच नव्हतं तरी झॉक्स चालू झाला, तर पहिला संशय फ्लास्कवर घ्या, दुसरा मीडियातल्या केमिकल्सवर.

सतराच्या सतरा धातू चालतात का?

नाही. हलके चालतात: लँथॅनम, सेरियम, प्रासिओडिमियम, निओडिमियम. समेरियमवर काही जण रखडत वाढतात. युरोपियम, गॅडोलिनियमपर्यंत गेलं की बहुतेकांची दमछाक होते, आणि त्याच्या पुढचे जड धातू जवळपास बाद. लँथॅनाइडच्या रांगेत पुढे जाल तसा आयन आकसत जातो. लँथॅनमचा आयन कॅल्शियमच्या आयनाएवढाच आहे जवळजवळ, पण चार्ज दोनच्या ऐवजी तीन, त्यामुळे तो पीक्यूक्यूवरचे इलेक्ट्रॉन जास्त जोराने ओढतो आणि एन्झाइमचं काम सोपं करतो. आकार आणि ओढ यांचा मेळ हलक्या लँथॅनाइडमध्ये छान बसतो, पुढे बिघडतो. झॉक्स-एफमध्ये त्या जागी एक जास्तीचं अ‍ॅस्पार्टेट हे अमिनो अ‍ॅसिड असतं, एमएक्सए-एफमध्ये तिथे अ‍ॅलनिन असतं. जीनोममध्ये अनोळखी एन्झाइम दिसलं की हे अ‍ॅस्पार्टेट बघूनच लोक अंदाज बांधतात की हा लँथॅनाइडवाला असणार.

मात्र लॅबमध्ये उत्क्रांती घडवून एएम1 चा असा एक म्युटंट मिळालाय जो गॅडोलिनियमवर वाढतो आणि ते पोटात साठवतो. एमआरआयच्या वेळी शिरेतून जे कॉन्ट्रास्ट देतात त्यातलं गॅडोलिनियमसुद्धा तो घेतो. हॉस्पिटलच्या सांडपाण्यातून हा धातू नद्यांमध्ये जातो, त्यामुळे या म्युटंटवर बऱ्याच जणांचा डोळा आहे.

लँथॅनाइडवालं एन्झाइम एवढं चांगलं आहे तर कॅल्शियमवालं ठेवलंच कशाला?

कारण धातू मिळेलच याची गॅरंटी नाही. पानावर राहणारा बॅक्टेरिया घ्या. पान वाढताना पेक्टिनमधून मिथेनॉल सुटतं, म्हणजे जेवण रोज आहे, पण लँथॅनाइड येणार ते धुळीतून, आलं तर आलं. ज्याच्याकडे दोन्ही आहेत तो उपाशी राहत नाही. उलट जीनोममध्ये शोधायला गेलं तर फक्त झॉक्स असलेले बॅक्टेरिया खूप दिसतात, फक्त एमएक्सए असलेले जवळजवळ नाहीतच. त्यावरून मूळ पद्धत झॉक्सची आणि एमएक्सए ही नंतरची सोय, असं बऱ्याच जणांचं मत आहे आणि मलाही ते पटतं. आपल्याला उलटं वाटत राहिलं कारण लॅबच्या मीडियात कॅल्शियम असायचं आणि लँथॅनाइड नसायचं.

याचा एक तोटा झाला. कित्येक वर्षं माती-पाण्याच्या नमुन्यात मिथेनॉलखाऊ शोधायला एमएक्सए-एफचाच प्रोब (तो जीन शोधून काढणारा डीएनएचा तुकडा) वापरत होते. झॉक्सवाले त्यात धडपणे आलेच नसणार.

पाण्यात विरघळत नाही म्हणता, मग पेशीत जातं कसं?

इथे परत जीन एक्स्प्रेशनचा खेळ आहे. एएम1 मध्ये लँथॅनाइड आत घ्यायचे जीन्स एका क्लस्टरमध्ये आहेत, त्यात बाहेरच्या पडद्यातला लट-एच नावाचा रिसेप्टर येतो. शिवाय लोखंडासाठी जसे सिडरोफोर (लोखंड पकडून आणणारे रेणू) असतात तसा धातू पकडून आणणारा रेणूसुद्धा आहे, 2024 मध्ये त्याचं नाव मिथिलोलँथॅनिन म्हणून आलं. निओडिमियम विरघळणाऱ्या क्लोराइडच्या रूपात दिलं तर त्याचे जीन्स निवांत असतात, तेच न विरघळणाऱ्या ऑक्साइडच्या रूपात दिलं की वर जातात. म्हणजे धातू आहे की नाही एवढंच नाही, मिळायला किती कष्ट आहेत तेही पेशी मोजते.

आत आल्यावर लॅनमोड्युलिन नावाचं छोटं प्रोटीन भेटतं, 2018 मध्ये पेन स्टेट युनिव्हर्सिटीत कोट्रुव्हो यांच्या ग्रुपला सापडलं. बारा किलोडाल्टनचं, कॅल्शियम पकडणाऱ्या प्रोटीन्समध्ये असतात तसे चार ईएफ-हँड (धातू पकडायच्या जागा), पण कॅल्शियमपेक्षा लँथॅनाइड दहा कोटी पट जास्त पसंत. कॅल्शियमच्या समुद्रातून नेमका लँथॅनाइड उचलायचा तर एवढी आवडनिवड हवीच. आणि उरलेला धातू पेशीच्या आत फॉस्फेटबरोबर कणांच्या रूपात साठवून ठेवतात, साठवण आहे ही.

यात तांब्याचा काय संबंध? एका पेपरमध्ये वाचलं होतं.

मिथेन खाणाऱ्या बॅक्टेरियांमध्ये तांब्याचाही एक स्विच असतो, तांबं कमी असलं की विरघळणारं मिथेन मोनोऑक्सिजनेज (मिथेनचं मिथेनॉल करणारं एन्झाइम), जास्त असलं की पडद्यातलं. मिथिलोसायनस ट्रायकोस्पोरियम ओबी3बी मध्ये 2015 मध्ये बघितलं तर तांबं नसताना सेरियम दिलं की एमएक्सए खूप खाली आणि झॉक्स वर, अपेक्षेप्रमाणे. पण तांबंही असेल तर झॉक्स वर जातो तरी एमएक्सए फार काही खाली येत नाही. आणि सेरियमने मिथेन मोनोऑक्सिजनेजला काहीच फरक पडत नाही. म्हणून एका बॅक्टेरियातला रिझल्ट दुसऱ्याला डोळे झाकून चिकटवू नका, आणि मीडियात तांबं किती होतं ते आधी वाचा.

मिथेनॉलशी संबंध नसलेल्या बॅक्टेरियांचं काय?

वर सांगितलेला स्यूडोमोनास प्युटिडा मिथेनॉलवर जगत नाहीच, तो फिनाइलइथेनॉल, इथेनॉल असली दुसरी अल्कोहोल्स जाळायला हा स्विच वापरतो. एएम1 मध्येही एक लँथॅनाइडवालं इथेनॉलचं एन्झाइम आहे.

दुसरी एक वेगळीच गोष्ट आहे स्ट्रेप्टोमायसिस या अँटिबायोटिक बनवणाऱ्या बॅक्टेरियांची. 2007 मध्ये जपानच्या ओची यांच्या ग्रुपने दाखवलं की स्कँडियम दिलं की ते जास्त अँटिबायोटिक बनवतात, अ‍ॅक्टिनोरोडिन, स्ट्रेप्टोमायसिन वगैरे, काही ठिकाणी पंचवीसपटीपर्यंत. 2010 मध्ये तर स्ट्रेप्टोमायसिस सेलिकलरमधले एरवी झोपलेले सेकंडरी मेटाबोलाइटचे (अँटिबायोटिकसारख्या जास्तीच्या रसायनांचे) जीन क्लस्टरही रेअर अर्थने जागे झाले. पुढे बॅसिलस सबटिलिसमध्ये स्कँडियमने अमायलेज वाढतं हेही आलं. पण हे लँथॅनाइड स्विचबरोबर मिसळू नका प्लीज. इथे डोस मायक्रोमोलरमध्ये आहे, धातू कुठल्या एन्झाइमच्या पोटात जाऊन बसतो असं दाखवलेलं नाही. निम्म्या ऑनलाइन लेखांमध्ये या दोन्हींची खिचडी झालेली दिसते.

मग जास्त टाकलं की जास्त फायदा?

नाही हो. जास्त झालं की मीडियातलं फॉस्फेट खाली बसतं आणि बॅक्टेरिया फॉस्फेटविना तडफडतो. शिवाय हे आयन कॅल्शियमसारखे दिसतात त्यामुळे नको तिथे जाऊन बसतात. बहुतेक प्रयोगांमध्ये दोन मायक्रोमोलरच्या आसपास देतात आणि तेही भरपूर होतं.

याचा उपयोग काय, शेतीत वगैरे?

चीनमध्ये रेअर अर्थवाली खतं अनेक दशकं वापरात आहेत, पण त्यातला फायदा बॅक्टेरियामार्फत होतो असं म्हणायची घाई मी करणार नाही. आपल्याकडे तामिळनाडू कृषी विद्यापीठ गुलाबी मिथिलोबॅक्टेरियमचा फवारा देतं, पिकाला पाण्याचा ताण सोसावा म्हणून. त्या बाटलीतल्या बॅक्टेरियाला पानावर कुठला स्विच चालू ठेवावा लागतो, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भातखाचरातून मिथेन खाणारे बॅक्टेरिया वेगळे केलेत, त्या कुटुंबातही हे जीन्स असतात, आणि खाचरातून हवेत किती मिथेन जातो हे काही अंशी त्यांच्यावर ठरतं.

एकत्र राहताना तर अजून गंमत होते. सिअ‍ॅटलजवळच्या लेक वॉशिंग्टनच्या गाळातला एक मिथेनखाऊ आणि एक मिथेनॉलखाऊ एकत्र वाढवले, तर शेजाऱ्यामुळे मिथेनखाऊ आपलं मिथेनॉलचं एन्झाइम बदलतो आणि त्यामुळे बहुधा मिथेनॉल बाहेर सांडतं, ते शेजारी खातो. हा 2017 चा पेपर आहे. धातूने ठरवायचं ते शेजाऱ्याने ठरवलं.

पैसा मात्र धातू वेगळे करण्यात आहे. लॅनमोड्युलिन वापरून ई-कचरा आणि लिग्नाइटच्या अर्कातून रेअर अर्थ काढून दाखवलेत. 2023 मध्ये ओकच्या कळ्यांवरच्या एका बॅक्टेरियाचं लॅनमोड्युलिन सापडलं, ते निओडिमियम आणि डिस्प्रोशियम वेगळे करतं. मॅग्नेटमध्ये हेच दोन एकत्र असतात आणि नेहमीच्या पद्धतीने ते सोडवायला सॉल्व्हंटच्या किती फेऱ्या लागतात ते त्या धंद्यातल्या माणसाला विचारा.

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी करता येईल का?

पहिला टप्पा कुठल्याही कॉलेजात होतो. मिनरल मीडियाच्या अगारमध्ये कार्बनसाठी फक्त मिथेनॉल घालायचं, बुरशी येऊ नये म्हणून सायक्लोहेक्झिमाइड, आणि ताजं पान त्यावर दाबून उचलायचं. काही दिवसांनी पानाच्या आकारात गुलाबी कॉलनी येतात. मिथेनॉल विषारी आहे, फ्यूम हूडमध्येच हाताळा.

मग शुद्ध कल्चर घेऊन लँथॅनम क्लोराइड असलेल्या आणि नसलेल्या मीडियात प्लास्टिकच्या ट्यूबमध्ये वाढवा आणि आरटी-क्यूपीसीआरने (जीन किती चालू आहे ते आरएनएवरून मोजायची पद्धत) एमएक्सए-एफ आणि झॉक्स-एफ दोन्ही मोजा. नुसत्या वाढीच्या कर्व्हवरून निष्कर्ष काढू नका, कारण दोन्ही सिस्टिम असलेला बॅक्टेरिया दोन्हीकडे वाढणारच आणि तुम्हाला वाटेल काही झालंच नाही. आणि एक करा, लँथॅनम न घातलेलं कल्चर दोन-तीन वेळा नव्या मीडियात सबकल्चर करून मगच आरएनए काढा, नाहीतर आधीच्या मीडियातून पेशींनी साठवून आणलेला धातूच तुमच्या कंट्रोलमध्ये झॉक्स चालू ठेवेल.